पाणलोटाचे ऋण कोणी फेडावयाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कृष्णा नदीला वर्षातून दोन वेळा वर्तमानपत्रांत ठळक स्थान मिळते. एकदा पावसाळ्यात, जेव्हा सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठा पाण्याखाली जातात. आणि एकदा उन्हाळ्यात, जेव्हा तिच्याच उगमाजवळच्या जावळी-पाटणच्या डोंगरी वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो. माणमधील टंचाई समजण्यासारखी आहे. परंतु ज्या डोंगरावर आभाळ फाटल्यासारखे कोसळते, त्या डोंगरावरील बाईने एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन कोसभर चालावे, याचा उलगडा पावसाच्या आकड्यांतून होत नाही. तो जमिनीत शोधावा लागतो, जंगलात शोधावा लागतो आणि अखेरीस समाजाच्या रचनेत शोधावा लागतो.

सह्याद्रीवरील पाऊस चार महिन्यांचा आणि माणसाची तहान बारा महिन्यांची. या दोहोंमध्ये जो मध्यस्थ उभा आहे त्याचे नाव जंगल. पाणी किती मिळणार हे मुख्यतः मोसमी वारे ठरवितात. पण ते केव्हा मिळणार आणि कोणाला मिळणार, हे डोंगरउतारावरील माती आणि तिला धरून ठेवणारे रान ठरविते. म्हणून जंगलाचा नाश ही केवळ निसर्गप्रेमी मंडळींनी हळहळण्याची बाब नाही. त्या नाशाने पाण्याचे एक मूक पुनर्वाटप घडून येते. उन्हाळ्याच्या वाट्याचे पाणी पावसाळ्याला जाते, झऱ्याच्या वाट्याचे पुराला जाते आणि डोंगरावरील कष्टकऱ्याच्या वाट्याचे अन्यत्र जाते. ज्या चळवळीने जमिनीच्या आणि संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न आयुष्यभर मांडला, तिने या वाटपाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

प्रथम ही क्रिया कशी घडते ते पाहू. सह्याद्रीचा उत्तरेकडील भाग काळ्या बसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. त्यांतील काही थर अभेद्य, तर काही सच्छिद्र आणि झिजलेले. वरून मुरलेले पाणी सच्छिद्र थरातून सरकत जाते आणि जेथे तो थर उतारावर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डोंगरातील बहुतेक वाड्या अशा झऱ्यांच्या आधारानेच वसल्या. पण पाणी या थरापर्यंत पोहोचावयाचे तर त्याला वरच्या मातीने वाट दिली पाहिजे. घनदाट रानात पावसाचा थेंब सरळ जमिनीवर आदळत नाही. तो पानांवर फुटतो, फांद्यांवरून ओघळतो आणि पालापाचोळ्याच्या जाड थरावर उतरतो. त्याखालची माती मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी आणि असंख्य क्षुद्र जिवांनी पोखरून भुसभुशीत केलेली असते. ती पाणी पिते. रान गेले, पालापाचोळा वाहून गेला, गुरांच्या खुरांनी आणि उन्हाने जमीन घट्ट झाली की तोच पाऊस मातीला खरवडीत नाल्याकडे धावतो. जुलैमध्ये नाला दुथडी भरून वाहतो आणि फेब्रुवारीत त्याच्या पात्रात धोंडे उघडे पडतात.

येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. ‘झाडे लावा, पाणी वाढवा’ एवढ्या सोप्या सूत्रात हे शास्त्र बसत नाही. झाडे स्वतःही पाणी वापरतात. मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे हवेत सोडतात. उघड्या माळावरून वर्षभरात जेवढे पाणी नदीत वाहून येते त्याहून कमी पाणी जंगलातून येते, हे जगातील अनेक पाणलोटांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. मग जंगलाचा लाभ कोणता? तो असा की, मुरण्याने जे मिळते ते झाडांनी वापरलेल्या पाण्याहून अधिक असेल, तर उन्हाळ्यातील प्रवाह टिकतो. सह्याद्रीच्याच कर्नाटकातील भागात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची प्रत्यक्ष मोजमापे केली. नैसर्गिक जंगल, ऱ्हास पावलेले जंगल आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशा तीन प्रकारच्या जमिनी त्यांनी तुलनेसाठी निवडल्या. २०१० ते २०१३ या काळात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऱ्हास पावलेल्या जमिनीत पाणी मुरण्याची क्षमता फारच घटली होती आणि पावसाचा मोठा वाटा झटपट वाहून जात होता. नैसर्गिक जंगलातून पाणी उशिरा, सावकाश आणि दीर्घकाळ येत होते. बाभळीच्या लागवडीने जमिनीची मुरण्याची क्षमता काही अंशी सुधारली, पण ती नैसर्गिक जंगलाची बरोबरी करू शकली नाही.

त्याचप्रमाणे महापुराचे सर्व खापर जंगलतोडीवर फोडणेही अशास्त्रीय ठरेल. २२-२३ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. जमीन तृप्त झाल्यावर एवढे पाणी जगातील कोणतेही अरण्य थोपवू शकत नाही. लहान आणि मध्यम पूर जंगल सौम्य करते; प्रलयापुढे ते हतबल असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांमागे अतिवृष्टी होती, धरणांच्या व्यवस्थापनाचे प्रश्न होते, पूररेषेच्या आत घुसलेली बांधकामे होती. परंतु उघड्या डोंगरावरून आलेला गाळ नदीचे पात्र उथळ करतो आणि धरणांचे आयुष्य कमी करतो, हेही तितकेच खरे. आणि तापमानवाढीच्या युगात मुसळधार पावसाच्या घटना वाढत असताना, जे संरक्षण सौम्य का होईना उपलब्ध आहे, ते स्वहस्ते उद्ध्वस्त करणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

आता जैवविविधतेचा प्रश्न. हा शब्द उच्चारला की अनेक कार्यकर्त्यांच्या मनात एक अढी असते. भुकेल्या माणसाच्या देशात बेडकांची आणि पाखरांची चिंता ही सुखवस्तूंची चैन आहे, असे त्यांना वाटते. ही अढी समजून घेऊन दूर केली पाहिजे. पश्चिम घाटातील उभयचर प्राण्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. गोड्या पाण्यातील माशांच्याही निम्म्याहून अधिक जाती केवळ येथल्याच. २०१२ मध्ये युनेस्कोने या पर्वतराजीतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे. हे वैभव शोभेचे नाही. जंगल जिवंत ठेवण्याचे काम हेच जीव करीत असतात.

धनेश पक्ष्याचे उदाहरण घ्यावे. रानटी जायफळासारख्या मोठ्या बियांची फळे गिळून दूरवर त्या बिया टाकणारे पक्षी फार थोडे. धनेश हा त्यांतील प्रमुख. त्याला घरट्यासाठी जुन्या, प्रचंड वृक्षाची ढोली लागते. जुने वृक्ष तोडले की ढोली जाते, ढोली गेली की धनेश जातो आणि धनेश गेला की मोठ्या बियांच्या वृक्षांची पुढची पिढी उगवणे कठीण होते. वरून हिरवे दिसणारे रान आतून वांझ होत जाते. मातीतील वाळवी आणि गांडुळे, पाचोळा कुजविणाऱ्या बुरश्या, ओढ्यातील खेकडे आणि देवगांडूळ हे सारे या कारखान्याचे अनाम कामगार आहेत. कामगारांना हाकलून कारखाना चालत नाही, हे श्रमिकांच्या चळवळीला वेगळे सांगावयास नको.

नदी आणि जीव यांचे हे नाते सिंधुदुर्गात दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानटी जायफळांची एक दलदल आहे. गोड्या पाण्यात गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभे असलेले हे वृक्ष अतिप्राचीन वनाचे अवशेष होत. गावाने देवराई म्हणून ती जागा राखली, म्हणूनच ती शिल्लक राहिली. आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तिचे पाणी पुढे घटप्रभेतून कृष्णेला मिळते. त्या उगमाच्या कुंडात राहणाऱ्या एका चिमुकल्या माशाची शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंद केली आणि त्याला नदीचेच नाव दिले. २०२१ मध्ये या दोन्ही जागा जैवविविधता वारसास्थळे म्हणून घोषित झाल्या. बोटभर लांबीचा तो मासा म्हणजे उगमाच्या पाण्याची जिवंत साक्ष आहे. वरचे रान उजाड होऊन कुंडात गाळ उतरला, तर मासा नाहीसा होईल. आणि त्याच्या मागोमाग खालच्या गावांचा झराही आटेल. मासा बोलत नाही, एवढाच फरक.

याहूनही व्यापक असा एक संबंध आहे, तो खुद्द पावसाशी. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, तेथील पावसाचा सुमारे निम्मा भाग जंगलाने हवेत परत सोडलेल्या बाष्पातून पुन्हा पडतो. अरण्य हे पावसाचे केवळ अपत्य नसून जनकही असते, हा विचार तेव्हापासून रुजला. त्याच खोऱ्यात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांच्या संघटनेचे नेते शिको मेंडिस यांनी जंगल आणि त्यावर जगणारा श्रमिक यांचे रक्षण एकत्रच होऊ शकते, ही भूमिका घेतली. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांची हत्या झाली. परंतु श्रमिकांनी राखावयाच्या राखीव वनांची त्यांची कल्पना ब्राझीलच्या शासनाला स्वीकारावी लागली. भारतातही मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१८ मध्ये असे दाखविले की, तमिळनाडूत नैर्ऋत्य मोसमी हंगामात जो पाऊस पडतो, त्याच्या बाष्पाचा लक्षणीय भाग पश्चिम घाटातील वनराजी पुरविते आणि पावसात खंड पडतो तेव्हा हा वाटा अधिकच महत्त्वाचा ठरतो. म्हणजे घाटावरील कुऱ्हाडीचा घाव शेकडो कोस दूर असलेल्या, घाट कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या शेतावर पडतो.

मग ही कुऱ्हाड चालविली कोणी? या प्रश्नाचे प्रस्थापित उत्तर ठरलेले आहे. डोंगरातील कुणबी, धनगर, ठाकर, कातकरी यांच्याकडे बोट दाखविले जाते. त्यांनी राबासाठी फांद्या तोडल्या, कुमरी आणि दळी शेतीसाठी उतार जाळले, गुरे चारली. यांत तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु इतिहासाचा मोठा हिशेब वेगळा आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गोदीतील जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवानाची बेसुमार तोड झाली. १८७८ च्या कायद्याने गावाची राने राखीव ठरवून सरकारजमा करण्यात आली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात या घटनेचे मर्म अचूक ओळखले होते. डोंगरावरील पानाफुलांचा आणि मेलेल्या जिवांचा कुजलेला सकस अंश पावसाबरोबर वाहून शेतात येत असे, हे सांगून त्यांनी वनखात्याच्या जुलमाने शेतकऱ्याच्या गुरांचा आणि शेताचा आधार कसा तुटला ते दाखविले. रान, माती, पाणी आणि शेतकऱ्याची भाकर यांना जोडणारा तो विचार आजच्या पर्यावरणशास्त्राच्या शंभर वर्षे पुढे होता.

स्वातंत्र्यानंतर कुऱ्हाडीचा मालक बदलला, धार बदलली नाही. धरणांसाठी दुर्गम खोऱ्यांत रस्ते झाले आणि त्या रस्त्यांवरून कोळशाचे व्यापारी आले. पानशेतच्या परिसरात असेच घडल्याचे माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवले आहे. पायाखालची जमीन जाणार म्हणून हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांकडून झाडे कवडीमोलाने घेतली गेली. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अगदी अल्प. बहुतांश झाडी मालकीची. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी अडलेला शेतकरी उभे रान ठेकेदाराला उक्ते देतो. त्या तोडीचा खरा लाभ कोणाला होतो, हे कोणत्याही गावात विचारले तरी कळेल.

येथेच पाणलोट आणि लाभक्षेत्र या दोन शब्दांतील वर्गसंबंध उघड होतो. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. टाटांच्या धरणातील पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निघणार होती आणि मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. चार दशकांनी कोयनेचे धरण झाले. सुमारे ९०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून येणारे पाणी अडवून १०५ अब्ज घनफुटांचा साठा निर्माण झाला. त्यातील मोठा हिस्सा वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविला जातो. उरलेला पूर्वेकडे उसाच्या पट्ट्याला उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत या विजेचा वाटा कोणीही नाकारू शकत नाही. परंतु ज्यांची गावे बुडाली त्या धरणग्रस्तांना जमिनीसाठी दोन-तीन पिढ्या मोर्चे काढावे लागले. जे वर डोंगरात सरकले, त्यांच्यातील अनेकांवर पुढे अभयारण्य आणि व्याघ्रप्रकल्प यांसाठी पुन्हा उठण्याची पाळी आली. पहिल्यांदा विकासासाठी आणि दुसऱ्यांदा निसर्गासाठी, पण दोन्ही वेळा तोच माणूस.

कृष्णेच्या पाण्याचा निवाडा बच्छावत लवादाने १९७३ मध्ये दिला. २०६० अब्ज घनफूट पाणी तीन राज्यांत विभागले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० आले. या आकड्यांवर विधिमंडळांत किती वादळे झाली! पण हे पाणी ज्या डोंगरउतारांवर जमते, तेथील रान कोणी राखावयाचे, राखणाऱ्याला त्याचा कोणता मोबदला मिळावयाचा, आणि उगमाजवळच्या वाडीला त्यातील किती थेंब मिळावयाचे, हे प्रश्न राज्यांच्या या भांडणात कधी उभेच राहिले नाहीत. खालच्या प्रदेशाची समृद्धी वरच्या प्रदेशाच्या न दिलेल्या ऋणावर उभी आहे. साखर कारखान्याच्या ताळेबंदात हे ऋण कोठेही दाखविलेले नसते.

आजची परिस्थिती अधिक फसवी आहे, कारण आज जंगल कागदावर वाढत आहे. एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे, ती भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादित धरते. मग झाड कोणते आणि मालकी कोणाची याला महत्त्व नाही. त्यामुळे आंबा-काजूची बाग आणि रबराचा मळाही उपग्रहाच्या चित्रात ‘वन’ ठरू शकतो. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात मूळ रान तोडून रबराची लागवड झाली, तरी आकडा जागच्या जागी राहतो. धनेश मात्र राहत नाही आणि झराही राहत नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प मोठ्या समारंभाने सोडण्यात आला. रोपे लावणे वाईट नाही. परंतु सहस्र वर्षांचे अरण्य आणि खड्ड्यात रोवलेले रोप यांची बेरीज एकाच रकान्यात करणे ही फसवणूक आहे. भरपाई वनीकरणाची कल्पनाही अशीच. कोयनेच्या खोऱ्यातील रान तोडून त्याबदली दूरच्या जिल्ह्यात झाडे लावली, तर त्या झाडांच्या मुळाशी मुरलेले पाणी कोयनेच्या झऱ्याला येत नाही.

कायद्याची भिंतही खचविली जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि मालकी कोणाचीही असो, रानाला संरक्षण दिले. २०२३ मधील दुरुस्तीने ती व्याप्ती संकुचित केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन जुनीच व्याख्या पाळावयास सांगावे लागले. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातील २३५ गावांचा समावेश असलेल्या ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाची योजना राज्य शासनाने पुढे आणली. ही गावे कोयनेच्या पाणलोटात आणि तिच्या आसपासच्या डोंगरांत आहेत. एका पिढीने जेथे धरणासाठी जमिनी दिल्या, तेथेच दुसऱ्या पिढीच्या उरल्यासुरल्या जमिनी बंगल्यांच्या आणि विश्रामधामांच्या भूखंडांसाठी विकल्या जाण्याचा धोका आहे. उतार कापून रस्ते झाले, विंधनविहिरी खोल गेल्या, तर सर्वप्रथम आटेल तो वाडीचा झरा.

उतार कापण्याचा विषय निघाला म्हणजे माळीण आठवते. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून तेथे सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. पुढे जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यात तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इरशाळवाडी आणि ३० जुलै २०२४ रोजी केरळमध्ये वायनाड. प्रत्येक ठिकाणची भूरचना वेगळी, कारणे वेगळी. अतिवृष्टी मात्र समान. या प्रत्येक दुर्घटनेला जंगलतोडच कारणीभूत होती असे म्हणणे योग्य नाही. पण डोंगराच्या अंगावर मनमानी घाव घालण्यास किती मर्यादा असावी, हा प्रश्न या मृतांनी विचारला आहे आणि शासनाने त्याचे उत्तर दिलेले नाही.

वस्तुतः उत्तराची दिशा २०११ मध्येच दाखविली गेली होती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार प्रतवारी केली आणि अंतिम निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावा असे सुचविले. शासनाने तो अहवाल दडपून ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्रापुरते संरक्षण सुचविले. ग्रामसभेचे स्थान मात्र दुबळे झाले. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी!

या काळात घाटातील सामान्य माणूस बहुतांशी या अहवालांच्या विरोधात उभा राहिला, ही गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ‘गोठ्याला पत्रा घालता येणार नाही, विहीर खणता येणार नाही’ असा प्रचार खाणमालक आणि भूखंडवाले यांनी केला हे खरे. पण तो रुजला कशामुळे? दीडशे वर्षे वनखात्याने या माणसाला आपल्याच रानात चोर ठरविले, म्हणून रुजला. पुरोगामी पक्षांपैकी काहींनी या भीतीचे निरसन करण्याऐवजी तिच्यावर स्वार होणे पसंत केले. दुसरीकडे शहरी निसर्गप्रेमींपैकी अनेकांनी माणसाला बाहेर काढून कुंपण घालणे हेच संरक्षण मानले. दोघांनीही ग्रामसभेला वगळले.

वास्तविक सह्याद्रीतील सर्वोत्तम राने जेथे शिल्लक आहेत, तेथे ती लोकांनीच राखली आहेत. १९७० च्या दशकात गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली देवराई तोडीपासून वाचविण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले. गावाचा बारमाही ओहोळ त्या राईतून येतो, राई गेली तर पाणी जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. जलविज्ञानाच्या प्रयोगशाळांनी पुढे मोजून जे सांगितले, ते त्या ग्रामस्थांना अनुभवाने ठाऊक होते. १९८७-८८ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी येथून निघून गोव्यात भेटलेल्या ‘पश्चिम घाट बचाओ’ पदयात्रेनेही माणूस आणि निसर्ग यांना वेगळे मानले नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक वनहक्काचे साधनच हाती दिले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळविला, बांबूच्या उत्पन्नातून गाव उभे केले आणि रानही राखले. घाटमाथ्यावरील गावांत असे दावे फार थोडे झाले, हे चळवळीचे अपुरे राहिलेले काम आहे.

तात्पर्य, चळवळीच्या कार्यक्रमात चार मागण्यांना स्थान मिळाले पाहिजे. पहिली, घाटातील प्रत्येक पात्र गावाला सामूहिक वनहक्क आणि त्याबरोबर रान राखण्याची जबाबदारी. दुसरी, धरणाच्या पाण्यावर आणि विजेवर मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा पाणलोटातील ग्रामसभांकडे, आणि उगमाकडील वाड्यांना पाण्यावर पहिला हक्क. तिसरी, नैसर्गिक वन, लागवड आणि बागा यांची स्वतंत्र गणना. एकीच्या जमेत दुसरीचा खर्च लपविता कामा नये. चौथी, पाणलोटातील जमिनींचे भूखंड पाडण्यापूर्वी ग्रामसभेची खरीखुरी संमती. यांतील दुसरी मागणी सर्वांत अवघड जाणार आहे, कारण तिचा सामना सरकारशी कमी आणि लाभक्षेत्रातील बागायतदाराशी अधिक होईल. तो बागायतदारही कित्येकदा चळवळीच्याच सभेत पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्याला हे सांगण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी असेल, त्यांनीच समतेची भाषा बोलावी.

ठराव करून हे काम होणार नाही. येत्या मार्च ते मे या तीन महिन्यांत घाटातील प्रत्येक शाखेने आपल्या भागातील झऱ्यांची नोंद करावी. कोणता झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, आता तो केव्हा आटतो, त्याच्या वरचे रान कोणाच्या मालकीचे आहे, ते केव्हा तुटले आणि कोणी तोडले, एवढी माहिती वाडीतील वृद्धांना विचारून वहीत उतरवावी. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, निधी लागत नाही. ती वही पुढे ग्रामसभेच्या वनहक्क दाव्यात पुरावा म्हणून जोडता येईल आणि पाण्याच्या वाटपाच्या सभेत समोर ठेवता येईल. कृष्णेच्या पाण्याचे हिशेब आजवर लवादाने केले, पाटबंधारे खात्याने केले, कारखान्यांनी केले. डोंगरातल्या माणसाने तो हिशेब अजून मांडलेला नाही. पावसाळ्यापूर्वी तो मांडला जावा.